तीन कमानी कुठे गेल्या

आमच्या घरात दोन मराठी नांदत होत्या. एक रोजची, आमच्या सावली गावच्या बाजारात चालणारी, मले-तुलेची. दुसरी बाबांच्या रागाची. बाबा शाळेत शिक्षक होते, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि एरवी तेही चारचौघांसारखंच बोलत. पण राग आला की एकदम पाठ्यपुस्तकातून बोलू लागत. "बाबू, कृपया आपली दप्तरे वाटेतून उचलावीत," एवढं कानावर आलं की आई चुलीपाशी गप्प व्हायची आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली सुजाता दाराआड सरकायची. ओरडणारा बाप परवडला, पण शुद्ध बोलणारा नको, असं आई म्हणत असे. या प्रकरणात मी जे कबूल करणार आहे, त्यानंतर बाबा आमच्याशी सलग अकरा दिवस शुद्ध बोलले होते.

बाबांची दोन प्रेमं होती. पहिलं विहार. गावातल्या विहाराचे ते सचिव होते. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली होती, आणि बाबांनी बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ केल्या नव्हत्या, त्या ते पाळत होते. घरात अंगारा नाही, गंडा नाही, नवस नाही. मांजर आडवं गेलं तर बाबा मुद्दाम दोन पावलं जोरात टाकत. दुसरं प्रेम इतिहास. चंद्रपूरच्या गोंडराजांच्या समाध्या त्यांनी लहानपणी एकदा बैलगाडीतून जाऊन पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून त्या त्यांच्या डोक्यातून उतरल्या नव्हत्या. जाळीच्या खिडक्या, कमानी, दगडाचा रंग, सगळं ते असं सांगत की राजा त्यांच्याच वर्गात शिकून गेला असावा. समाध्यांभोवतीचं आवार म्हणजे एके काळची चार चौकांत आखलेली, मधून पाण्याचे पाट खेळवलेली, मुघलांच्या धर्तीची बाग होती, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्याला कुठला आधार मला आजवर सापडलेला नाही. आई त्या बागेला "ते गाजरगवताचं वावर" म्हणायची.

पण एक अडचण होती. बाबांना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. यष्टीत पाय ठेवताच त्यांचा चेहरा उतरायचा, आणि वाटेतलं मूल गाव येईपर्यंत तर माणूस ओळखू येत नसे. नुसत्या डिझेलच्या वासाने त्यांना मळमळायचं. त्यामुळे इतिहासाचा एवढा वेडा माणूस चंद्रपूरला कधी जात नसे. त्यांच्या वतीने आम्ही जात असू. वर्षातून एकदा, पळस फुलू लागला की, आई मला आणि सुजाताला घेऊन सकाळच्या गाडीने चंद्रपूरला निघायची. बाबा आदल्या दिवशी एक वही आखून द्यायचे. वहीवर लिहिलेलं असे 'ऐतिहासिक स्थळ निरीक्षण', आणि आत रकाने: स्थळ, दगड, कमानी, पडझड, निष्कर्ष. वही भरायचं काम माझं. परत आलो की बाबा कंदिलाची काच पुसावी तसा चष्मा पुसून वही वाचायला बसत, आणि त्या अर्ध्या तासात आमच्या घरात परीक्षेच्या निकालाची शांतता असे.

आता खरं सांगतो. आम्ही समाध्या बघायला जात नव्हतो. म्हणजे, जात होतो, पण दहा मिनिटांसाठी. आई जात होती ती तिथून चार गल्ल्या पलीकडच्या दर्ग्यात.

त्याचं असं झालं होतं. सुजाता दीड वर्षाची असताना बाबांची नोकरी आलापल्लीकडच्या एका शाळेत होती. पावसाळ्यात तिला ताप भरला आणि नाल्यांना पूर आल्याने बाबा पलीकडेच अडकले. आई एकटी दोन पोरं घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचली. चार दिवस ताप हटेना. पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू म्हणाली, "बाई, पीरबाबाले बोलून पाय. काय जाते तुहं?" आईने व्हरांड्यात उभं राहून, कुठे आहे हेही माहीत नसलेल्या दर्ग्याच्या दिशेला, बहुतेक उलट्याच दिशेला, हात जोडले आणि म्हटलं की पोट्टी वाचली तर तिचं लग्न होईस्तोवर दरसाल मलिदा आणि चादर आणीन. संध्याकाळी ताप उतरला. डॉक्टरांच्या मते नव्या इंजेक्शनने. आईच्या मते इंजेक्शन आणि पीरबाबा या दोघांनी मिळून. "कोणं किती काम केलं ते मी मोजाले नाई गेली," असं ती मला पुढे म्हणाली होती. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात नवस शिरला होता, आणि तोही त्यांच्याच इतिहासाच्या वहीत बसून.

सहलीच्या आदल्या दिवशी आई पोळ्या करायची, त्या गरम असतानाच कुस्करायची, गूळ आणि तूप घालून दोन्ही हातांनी मलिदा मळायची. त्या वासाने मी आजही जेवण झालेलं असलं तरी उठून स्वयंपाकघरात जातो. बाबा विचारायचे, "हे कायले?" आई म्हणायची, "पोट्ट्यायले गाडीत भूक लागते." स्टीलचा डबा सुजाताच्या मांडीवर, वही माझ्या, आणि हिरवी चादर आईच्या पिशवीत सगळ्यात खाली, टॉवेलखाली. चंद्रपूरला उतरलं की आई आधी समाध्यांकडे जायची, कारण ती खोटं बोलायला घाबरत असे. मुलांनी समाधी बघितली नाही असं व्हायला नको. आवारात शिरल्याबरोबर ती म्हणायची, "मोज बापा लवकर." मी राजाच्या समाधीभोवती धावत एक चक्कर मारायचो, कमानी मोजायचो, आणि अर्ध्यात सुजाताला तहान लागायची. मग आई दोघांची बखोटी धरून दर्ग्याकडे.

दर्ग्यातल्या चाचांना आमची सगळी भानगड माहीत होती. ते आईला सावलीवाली बाई म्हणायचे. आईने चादर चढवली, डोळे मिटले, सुजाताचं डोकं चादरीच्या कडेला टेकवलं की चाचा मोरपिसांचा झाडू तिच्या डोक्यावरून फिरवायचे आणि मग माझ्याकडे वळायचे. "बोलो मास्तर, औंदा कितनी कमान?" मी म्हणायचो, माझ्या मोजून झाल्या नाहीत. चाचा वही हातात घ्यायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, "नौ लिख दे. नौ अच्छा आकडा है." मी नऊ लिहायचो.

इथेच घोटाळा झाला. पहिल्यांदा नऊ लिहिले त्याच्या आदल्या वर्षी मी बारा लिहिले होते. बाबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, चष्मा काढला, परत घातला.

"मांगच्या साली बारा. औंदा नऊ. तीन कमानी कुठी गेल्या?"

आईने पाण्याचा गडू उगाचच आतून घासला.

"पडल्या असतील," मी म्हणालो.

"पडझडीच्या रकान्यात तर तू 'नाही' लिहिलं हाये."

त्या रात्री बाबांनी संबंधित खात्याला पत्र लिहिलं. चंद्रपूर येथील राजसमाधीच्या तीन कमानी एका वर्षात नाहीशा झाल्या असून याबाबत सत्वर चौकशी व्हावी. आई म्हणाली, "द्या, मी बाजारात जातेच हाव, टाकते टपालात." ते पत्र तांदळाच्या डब्यात तळाशी गेलं. पुढे बरेच महिने बाबा पोस्टमनला हटकून विचारायचे, आणि आमच्या भाताला त्या काळात शाईचा वास येतो असं सुजाता म्हणायची. शासन किती झोपलेलं आहे याचं उदाहरण म्हणून बाबांनी ते पत्र एकदा विहारातल्या भाषणातही घेतलं होतं.

मला अपराधी वाटून घ्यायला फार कारण लागत नाही. शेजाऱ्याची सायकल पंक्चर झाली तरी मला वाटतं, मीच काहीतरी केलं असणार. माझी बायको म्हणते की लोकांना मधुमेह असतो तसा मला पश्चात्ताप आहे. तेव्हा पत्र, वही, नऊ कमानी, या सगळ्यांचं ओझं माझ्या मनावर होतंच. पण ती सगळी आईची गुपितं होती आणि मी नुसता हमाल होतो. पुढचं मात्र माझं स्वतःचं आहे.

मी तेरा वर्षांचा होतो, त्या वर्षीच्या सहलीला मी ठरवून गेलो की या खेपेस कमानी नीट मोजायच्या. आई सुजाताला घेऊन पुढे गेली तरी मी थांबलो. सुरुवातीच्या खांबाला वीट टेकवून ठेवली, म्हणजे कुठून निघालो ते चुकणार नाही, आणि तीन चकरा मारल्या. तिन्ही वेळा एकच आकडा आला. मला इतका आनंद झाला की मी चारही गल्ल्या धावत दर्ग्यात गेलो. आई डोळे मिटून उभी होती. सुजाता चादरीच्या कडेखाली, नव्या नवरीसारखी. मी धापा टाकत म्हणालो, "आई, आई, मोजल्या." आईने हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो. तिचे ओठ हलत होते, खूप वेळ हलत होते. तिने डोळे उघडल्यावर आकडा सांगायचा सोडून मी भलतंच विचारलं.

"माझ्यासाठी काय मागतलं?"

आई खरंच गोंधळली. "तुह्यासाठी? तुले काय धाड भरली हाये? दगडासारखा तर हायेस."

चाचा हसले. दारात बसलेली फुलवाली हसली. सुजाता तर इतकी हसली की तिला चाचांनी पाणी दिलं. आईही हसली आणि तिने माझ्या हातावर मलिद्याची मोठी मूठ ठेवली. मी तो खाल्ला नाही. परतताना समाध्यांच्या आवारात एका बकरीला घातला. आकडा कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही. वहीत नऊ लिहिले.

दगडाला काय वाटतं, याचा मी पुढचे दोन महिने फार विचार केला.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवड्यात विहारात मुलांची निबंध स्पर्धा असायची. विषय होता, 'मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ'. बाबा अर्थातच परीक्षक होणार होते, पण मी भाग घेतला म्हणून ते बाजूला झाले आणि मंचावर नुसते बसले. निबंध आईने आदल्या दिवशी तपासला. ती सातवी शिकलेली होती, पण त्या निबंधावर तिने वकिलासारखी नजर फिरवली. समाधी होती, जाळ्या होत्या, मुघल बाग होती, नऊ कमानी होत्या. दर्गा नव्हता. "साजरा झाला," ती म्हणाली आणि माझ्या केसांना तेल लावून दिलं.

विहारात कूलर घरघरत होता, तरी माणसं वहीच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत होती. बायका डाव्या बाजूला, आई तिसऱ्या ओळीत, तिच्या मांडीवर पेंगणारी सुजाता आणि तिच्या केसांतून फिरणारा आईचा हात. मी वाचत होतो. बागेपर्यंत आलो. त्या हाताकडे पाहिलं. आणि वहीत नसलेलं वाक्य मोठ्याने, अगदी शुद्ध मराठीत म्हणालो, "त्यानंतर आम्ही दर्ग्यात गेलो. तेथे माझ्या आईने दरवर्षीप्रमाणे हिरवी चादर चढवली आणि माझ्या बहिणीसाठी बोललेला नवस फेडला."

भोंगा चांगला होता. चौकापर्यंत ऐकू गेलं.

माझ्या आठवणीत त्यानंतर फक्त कूलर आहे. मग बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. आईचा हात सुजाताच्या डोक्यावर थांबला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. दया होती. पोरगा घाबरला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, असं तिला वाटलं. बाबा उठले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "निबंध माहितीपूर्ण आहे. कमानींच्या संख्येबाबत मात्र मतभेद आहेत." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मला दुसरं बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. ती मी कधी वापरली नाही. पुढे एका भाच्याला दिली तर त्याने पहिल्याच दिवशी कर्कटक मोडलं, आणि मला त्याचंही बरं वाटलं.

घरी गेल्यावर भांडण झालं ते मी आणि सुजाताने खाटेखालून ऐकलं.

"आपण मला विश्वासात घ्यावयास हवे होते," बाबा म्हणाले.

"घेतलं असतं तर जाऊ देलं असतं काय?"

"नाही."

"मंग?"

आईच पुढे म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा मलेबी येतेत. त्याच्यात दर्ग्याचं नाव कुठी हाये ते वाचून दाखवा."

"नवस हा नवस असतो. तो कोठे केला यास महत्त्व नाही."

"पोट्टी मरून राह्यली होती जी," आई म्हणाली. "तुमी नाल्याच्या पल्याड होते."

बाबांनी त्याच आठवड्यात सचिवपदाचा राजीनामा दिला. विहारातली म्हातारी माणसं घरी आली. त्यातले एक म्हणाले, "गुरुजी, घरोघरी कोणतं ना कोणतं गाठोडं हायेच. आमच्या घरचं पोट्टं निबंध लिहीत नाई, एवढाच फरक." राजीनामा कुणी घेतला नाही. पण बाबांनी स्वतःला शिक्षा केली. एक वर्षभर ते मंचावर बसले नाहीत. वंदनेला मागे, दारापाशी, चपलांच्या शेजारी बसायचे. मी पुढच्या ओळीत बसून पाठीमागे त्यांचा आवाज ऐकायचो. सगळ्यांपेक्षा स्वच्छ आवाज, सगळ्यात मागून.

आणि आईने ती हकिकत गोष्ट करून टाकली. आधी शेजारणीला, मग माहेरी, मग जो येईल त्याला. आमचा बाबू कसा भोळा, माईक पाहून घाबरला अन् कसं सगळं खरं बोलून गेला. "आमचा पोट्टा घाबरला का खरं बोलते. त्याले खोटं जमतच नाई." ती गोष्ट ती फार छान सांगायची, बाबांचा आवाज काढायची, कूलरचा आवाज काढायची. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. मीही हसायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. पण गोष्ट संपत आलेली असायची आणि कुणीतरी चहा आणायचं.

पुढच्या वर्षी पळस फुलला. आईने डबा घासला नाही. चादर आणली नाही. पण सुजाताला साधी शिंक आली तरी आईच्या हातातलं काम थांबायचं आणि ती तिच्या कपाळाला हात लावून बघायची. एकदा सुजाता शाळेतून तापलेली आली. उन्हाने, दुसरं काही नाही. आई रात्रभर तिच्या उशाशी बसून होती. मी भिंतीकडे तोंड करून जागा होतो. मला खात्री होती की सुजाताला काही झालं तर ते माझ्या एका वाक्याने होईल. बाबाही झोपलेले नव्हते, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं.

सकाळी ताप नव्हता. बाबांनी दात घासताना आभाळाकडे बघत सांगितलं, "उद्या सहल हाये. या साली मी येतो."

आईच्या हातातून पीठ सांडलं. "गाडी लागन तुमाले."

"लागू दे. कमानींचा निकाल लावला पाह्यजे. खातं तर उत्तर देऊन नाई राह्यलं."

आई आत गेली आणि पोळ्यांचं पीठ मळायला बसली.

बाबा मूलपर्यंत लिंबू हुंगत आले. मूलला उतरून त्यांनी रस्त्याच्या कडेला जे काही केलं ते इथे लिहीत नाही. परत चढले. चंद्रपूरला उतरले तेव्हा त्यांचा रंग आईच्या पिशवीतल्या चादरीसारखा झाला होता. चादर होती हे बाबांना दिसलं होतं. आदल्या संध्याकाळीच आणलेली ती टॉवेलच्या वरच ठेवलेली होती. समाध्यांच्या आवारात ते दोन मिनिटं नुसते उभे राहिले. लहानपणी बैलगाडीतून पाहिलेलं सगळं तिथेच होतं, फक्त गाजरगवत कमरेएवढं झालं होतं. मग त्यांनी मला जवळ घेतलं, दर्ग्याच्या गल्लीकडे पाठ केली आणि व्याख्यान सुरू केलं.

तसं व्याख्यान मी आयुष्यात ऐकलं नाही. समोर श्रोते किती, तर मी, गवत कापणारा एक म्हातारा आणि दोन शेळ्या. बाबा कमानीवर बोलले, चुन्यावर बोलले, राजावर आणि त्याची समाधी बांधणाऱ्या राणीवर बोलले. मधेच मी मागे वळून बघायला गेलो तर त्यांनी माझी मान पुढे फिरवली. "इकडे लक्ष. इतिहास समोर हाये." बायकोला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ हा माणूस बोलणार होता. प्रतिज्ञा त्याने घेतली होती, नवस तिने बोलला होता, आणि दोन्ही मोडू नयेत म्हणून तो ओकाऱ्या काढून आलेल्या रिकाम्या पोटी, उन्हात, पाठ फिरवून उभा होता. मुघल बागेवर आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. गवतवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "गुरुजी, इथी बाग होती म्हणता, तं फुलं कोणची होती?" बाबा म्हणाले, "त्यावर संशोधन सुरू हाये."

आई आणि सुजाता परत आल्या. आईने डबा पुढे केला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रसाद ते कुणाचाच खात नसत.

"पोळी हाये," आई म्हणाली. "गूळ हाये. तूप हाये. दुसरं काई नाई त्याच्यात."

बाबांनी थोडा विचार केला. "पोळी तं पोळीच असते," म्हणाले आणि खाली बसून अर्धा डबा संपवला. मग त्यांनी उठून कमानी मोजल्या, तीनदा, बोट लावून. आकडा वहीत लिहिला आणि वही खिशात घातली. आम्ही विचारलं तर म्हणाले, "आपापला मोजा." माझा मोजलेला होता.

सुजाताचं लग्न होऊन आता पंचवीस वर्षं झाली. नवस कधीच फिटला. आई तरीही दरसाल जाते, आता म्हणते नातवंडांसाठी. मोटार मी चालवतो, बाबा पुढच्या सीटवर बसतात आणि काच उघडी असली की त्यांना फारसं लागत नाही. वय ऐंशीच्या पुढे, पण व्याख्यान अजून उभ्यानेच देतात, पाठ अजून गल्लीकडेच. चाचा गेले, आता त्यांचा मुलगा मोरपीस फिरवतो. यंदा गेलो तेव्हा आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती आधी समाधीच्या ओट्यावर टेकली. बाबा लांब, दोन कॉलेजच्या पोरांना धरून बागेवर बोलत होते. मी आईच्या शेजारी बसलो, आणि कोण जाणे कसं, बोलून गेलो. निबंधातलं ते वाक्य वहीत नव्हतं, पण चुकून आलं नव्हतं. मी मुद्दाम बोललो होतो. तू माझ्यासाठी काही मागितलं नाहीस म्हणून.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे रे बाबू, किती जुनी गोष्ट. किंवा म्हणेल, मले माहीत होतं. आयांना सगळं माहीत असतं म्हणतात. माझ्या आईला माहीत नव्हतं. तिचा चेहरा बघता बघता बदलला.

"माही गोष्ट खराब केली तू," ती म्हणाली.

"काय?"

"चाळीस वर्सं सांगून राह्यली मी. लोकं हसतेत. आता कशी सांगू? तुले आजच सांगाचं होतं? पोटात नव्हती राहत?"

ती उठली, माझा हात न घेता, गुडघ्यांवर हात ठेवत एकटी दर्ग्याच्या गल्लीत गेली. त्या दिवशी तिला आत फार वेळ लागला. बाबांनी बागेचं व्याख्यान दोनदा दिलं. परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बाबांच्या मार्फत बोलली. "तुमच्या पोट्ट्याले म्हणा, जेवाले ये." मन हलकं करायला गेलो आणि माझ्या वाट्याला नवीन ओझं आलं. आधी मी आईचं गुपित फोडलं होतं. आता मी तिची सगळ्यात आवडती गोष्ट मोडली होती.

तिसऱ्या दिवशी आजोळी आलेल्या सुजाताच्या मुलाला बघायला पाहुणे आले. मुलीचे आईवडील, एक मामा. पोहे झाले, हवापाण्याचं बोलून झालं, आणि मग ती अवघड शांतता आली जी अशा बैठकीत येतेच. सुजाताने सवयीने म्हटलं, "आई, ते दादाच्या निबंधाचं सांग ना." मी बशी घेऊन उठायला लागलो.

"बस खाली," आई म्हणाली. तीन दिवसांतलं माझ्याशी पहिलं वाक्य.

मी बसलो. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, मग पाहुण्यांकडे वळली. "हा आमचा बाबू. लहानपणी असा भोळा, असा भोळा का काय सांगू." आणि तिने सगळी गोष्ट सांगितली. कूलरसकट, बाबांच्या आवाजासकट, एक शब्द न बदलता. माईक पाहून पोट्टा कसा घाबरला अन् कसं सगळं खरं बोलून गेला. पाहुणे हसले, मुलीच्या मामांना ठसका लागला. बाबांनी मधेच सांगितलं की कमानींच्या संख्येबाबत मतभेद नाहीत, फक्त मोजणारे आळशी आहेत. आई माझ्याकडे बघत होती. मी हसलो. तिने मान हलवली, म्हणजे ठीक आहे, असंच.

मग ती म्हणाली, आणि हे वाक्य गोष्टीत आधी कधी नव्हतं, "औंदा पयल्यांदा मी दर्ग्यात याच्यासाठी मागतलं."

माझा हात बशीवरच राहिला.

"काय मागतलं?" मुलीच्या आईने विचारलं.

"म्हटलं, बाबा, पन्नाशी उलटली याची. आता तरी याले गोष्ट पोटात ठेवाची अक्कल दे. देली तं पाच किलोचा मलिदा आणीन."

सगळे हसले, सुजाता तर लहानपणी हसली होती तशी. हसता हसता माझे डोळे भरून आले आणि मी ते ठसक्याच्या नावावर खपवलं.

हे प्रकरण लिहून काढल्यावर माझ्या लक्षात येतंय की नवस काही फळलेला दिसत नाही. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, बाबाच तिला वाचून दाखवतील, आणि बहुतेक शुद्ध मराठीत. म्हणून एक गोष्ट मात्र मी पोटात ठेवली आहे. त्या दिवशी वीट टेकवून, तीन चकरा मारून मी कमानी मोजल्या, तो आकडा मी इथे लिहिलेला नाही. आई, एवढ्यावर निदान पावकिलोचा तरी मलिदा करशील.